सखुबाईचा होकार

बहिणीची, दिपालीची, हळद रविवारवर आली होती आणि कृणालने आजीचा व्हिडिओ लावून पाहिला, तर आजी पडद्यावर नुसतंच तोंड हलवत होती.

विनिता मोरीपाशी बसून कोळंबी सोलत होती. तिला वाटलं, पोराने आवाज कमी ठेवलाय.

"वाढव की रे जरा."

"फुल आहे, मम्मी. आवाजच नाहीये."

त्याने फोन तिच्यासमोर धरला. व्हिडिओखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यातला आवाज दुसऱ्या मालकाचा असल्यामुळे काढून टाकण्यात आला आहे. विनिताने ते पुन्हा वाचलं. दुसरा मालक! आवाजाची खरी धनीण, तिची सासू सखुबाई, तिथेच खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, आणि तिच्या वाकड्या झालेल्या ओठातून चहा गळत होता.

वर्सोव्याच्या त्या गल्लीत सखुबाईला ओळखत नाही असं घर नव्हतं. ती धवलारीण, लग्नाचा धवला गाणारी. भटजी असतोच, पण त्याची पाळी मागाहून. हळदीच्या मांडवात आधी धवलारीण बसते. एकवीरा आईपासून वेशीवरच्या देवापर्यंत सगळ्यांना गाण्यातून हाक मारते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने बोलावते, आणि हाक मारली त्याला गाण्यातूनच पाट मांडून बसवते. सगळे बसले की नवरीचं नाव घेते. तेव्हा कुठे हळद लागते. बोलावलं आणि बसवलं नाही, तर देव मांडवात ताटकळत राहतात, आणि ताटकळलेला देव आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत नसतो, असं सखुबाईच म्हणायची.

गणपतीनंतर तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मढची एक धवलारीण होती, ती तिच्या आधीच गेली. शेजारची शांताबाई जन्मभर सखुबाईच्या मागे बसून ओळी धरायची, पण पुढची ओळ कोणती ते तिला कधी ठाऊकच नव्हतं. मागे धरणाऱ्याला कशाला ठाऊक असायला हवी?

"शिकून घे गो," सखुबाई सुनेला कितीदा म्हणाली होती. विनिता पहाटे ससून डॉकला, मग दुपारपर्यंत अंधेरीच्या बाजारात पाटीमागे. ती म्हणायची, "फोनात आहे ना, आई. कृणालने सगळा धवला भरून ठेवलाय. आता काय जातोय कुठे?"

आणि खरंच, कृणालने मामेबहिणीच्या लग्नात अख्खा धवला टिपला होता आणि चॅनल काढून त्यावर चढवला होता. ज्या फोनवर टिपला तो पुढे खाडीत पडला. कुणी हळहळलं नाही. वर आहे म्हणजे कायमचं आहे, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. शिकलेली पोरं म्हणतात तर असेल. आता कृणालने तो व्हिडिओ खाली उतरवून घेतला, तर उतरला तोही मुका.

हा दुसरा मालक कोण, हे शोधायला फार वेळ लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी अल्पेश नावाचा एक गोडबोल्या त्यांच्या दारात आला होता. गाण्यांच्या कंपनीतला. घरी सखुबाई एकटीच होती. मुलगा धर्मा बोटीवर, सून बाजारात, नातू बँकेच्या कॉल सेंटरमध्ये. अल्पेश रिकाम्या हाताने आला नव्हता. कुणीतरी त्याला नीट पढवून पाठवलं होतं: त्याच्या हातात नारळ होता, साडी होती, खण होता. आणि नारळ घेऊन दारात आलेल्याला धवलारीण नाही म्हणत नाही. गाण्याचं मोल करत नाही, माणूस कोण ते विचारत नाही. फक्त नवरी कुणाची, ते विचारते. तिने विचारलं.

"सगळ्यांचीच समजा ना, आजी," अल्पेश म्हणाला.

सखुबाईला वाटलं, सामुदायिक लग्न असेल. ती नवी साडी नेसून त्याच्या गाडीतून अंधेरीला गेली, काचेच्या खोलीत बसून अख्खा धवला गायली, देव बसवले, आणि नवरीच्या नावाच्या जागी 'लेक माझी' म्हणून मोकळी झाली. मग त्यांनी तिच्या तोंडासमोर एक टॅबलेट धरला. नाव सांगा म्हणाले, सांगितलं. तुम्हाला मान्य आहे का म्हणाले. कुणी मान्य आहे का विचारलं तर मांडवात जे म्हणतात तेच ती म्हणाली. "हो." खणखणीत म्हणाली असणार. तिचं सगळंच खणखणीत असायचं.

मग ते गाणं आलं. 'कोळी हळद धमाका'. मागे ढोल, त्यावर आणखी काहीतरी धडधड, आणि मध्ये सखुबाईच्या सुरुवातीच्या दोन ओळी, पुन्हा पुन्हा त्याच. दहिसरपासून चेंबूरपर्यंत एक हळद त्याच्यावाचून झाली नाही. घरात कुणाला राग आला म्हणाल, तर छे! धर्मा बोटीवरच्या पोरांना सांगत सुटला की ही माझी आयस. विनिताने बाजारात त्यावर गिऱ्हाइकं जमवली. आपलं पिकतंय तिथे विकतंय, याचं कौतुकच होतं सगळ्यांना. गाण्यावर सखुबाईचं नाव नव्हतं, 'पारंपरिक' लिहिलं होतं, ते वाचायला चष्मा लागत होता.

कंपनीचं ऑफिस अंधेरीला, बाजारापासून चालत जाण्याजोगं. विनिता पाटी बहिणीवर सोपवून, हात लिंबाने घासून कृणालबरोबर गेली. तरी लिफ्टमधल्या एका पोरीने नाकाला रुमाल लावलाच. तिथे तेजल नावाची बाई भेटली. वाईट नव्हती बिचारी. पाणी दिलं, ऐकून घेतलं, कम्प्युटरमध्ये पाहिलं.

"करार बरोबर आहे, मावशी. आजींनी स्वतः होकार दिलाय. व्हिडिओ आहे."

"पण तो तुमच्या गाण्याचा ना? हा आमच्या घरचा व्हिडिओ आहे, तुमच्या आधीचा. माझ्या पोराने काढलेला."

"रचना आमच्याकडे नोंदवलेली आहे. त्यामुळे तीच चाल, तेच शब्द कुठेही सापडले की सिस्टिम आवाज काढते. आम्ही हाताने करत नाही हो, ते आपोआप होतं."

"म्हणजे चोराने चोरी केली नाही, त्याच्या हाताने केली!" विनिता म्हणाली. कृणालने टेबलाखालून तिचा पदर ओढला.

"बरं, तुमच्याकडे तिने पूर्ण गायलेलं आहे ना? तेवढं द्या. लग्नापुरतं. मांडवात लावू, कुठे बाहेर नाही."

तेजलने मान हलवली. "ते बाहेर देता येत नाही. पण एक सोय आहे. मूळ कलाकाराने स्वतः मागणी केली तर घरगुती वापरासाठी तुमच्या व्हिडिओचा आवाज परत खुला होतो. फक्त हल्ली नकली आवाज बनवून लोक फसवतात ना, म्हणून नियम कडक झालेत. कलाकाराने लाइव्ह, कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं आणि हो म्हणायचं. जुन्या रेकॉर्डिंगशी आवाज जुळला की झालं काम. पाच मिनिटांचं आहे."

"तिची वाचा गेलीय," विनिता म्हणाली.

तेजल हळूच म्हणाली, "ट्राय करून बघा ना. कधीकधी होतं."

तिला तरी दुसरं काय सुचणार होतं? वर सांगावं तर तिच्या वरचा माणूस तिलाही दिसत नसावा. जाताना तिने लिंक पाठवली आणि आजींना नमस्कार सांगायला सांगितला.

घरी आल्यावर विनिताने सासूचे केस विंचरले, वेणी घातली, कपाळाला कुंकू लावलं. का लावलं कोण जाणे, यंत्राला काय कळतंय. खुर्ची उजेडात ओढली. कृणालने फोन समोर धरला. पडद्यावर एक गोल आला, सखुबाईचा चेहरा त्यात बसला आणि फोन बायकी आवाजात म्हणाला, "कृपया आपले पूर्ण नाव सांगा."

सखुबाईला सगळं कळत होतं. तेच तर वाईट. तिने श्वास घेतला, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला, आणि मानेच्या शिरा ताणून जोर लावला. घशातून "आं" असा घोगरा आवाज आला.

"आवाज जुळला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"आई, नुसतं हो म्हणा," विनिता तिच्या पायाशी बसली. "हो. एवढंच. हो."

"आं... आंह..."

"आवाज जुळला नाही."

"ती हीच आहे रे!" विनिता फोनवर ओरडली. "तोंड दिसत नाय तुला? तोंड बघ ना मेल्या!"

"मम्मी, तो माणूस नाहीये," कृणाल म्हणाला.

सखुबाई थांबेना. तिला वाटत होतं, आता निघेल. मग फोनने सांगून टाकलं की सखुबाईच्या सुरक्षेसाठी ही मागणी बंद करण्यात येत आहे, महिन्याभराने पुन्हा करता येईल. सखुबाईने पडद्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. झटका आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. विनिताने फोन उलटा करून ठेवला. तिला त्या क्षणी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. ही बाई बोलत होती, गात होती, शिकून घे म्हणत होती, तेव्हा आपण तिला फोन दाखवत होतो!

घ्यायचं होतं तेव्हा एका 'हो'वर घेऊन गेले. द्यायची वेळ आली तर तोच 'हो' पुरेना. यालाच म्हणे सुरक्षा म्हणतात.

रविवारी मांडव भरला. चौक घातला, पाट मांडले, हळदीची वाटी आली. दिपाली पिवळ्या साडीत पाटावर येऊन बसली. सखुबाईला तिच्या नेहमीच्या जागी, चौकाच्या उजव्या अंगाला, खुर्चीत बसवलं. बायका गोळा झाल्या. कोण सुरू करणार? शांताबाईने घसा खाकरला, पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली आणि अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच अडली. "आगे काय गो?" तिने सखुबाईला विचारलं आणि लगेच जीभ चावली.

नवऱ्याकडची माणसं घड्याळ बघायला लागली. धर्मा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, समुद्रात वारा पडल्यावर उभा राहतो तसा. तेव्हा कृणाल म्हणाला, "धमाका लावू? त्याच्यात आजीचा आवाज आहे. तो लावायला बंदी नाही."

"नको," विनिता म्हणाली.

"आवाज त तिचाच हाय ना?" शांताबाई म्हणाली. "मंग लाव. सुक्या मांडवात पोरीला हलद लावाची काय?"

लावलं. ढोल वाजला आणि त्यातून सखुबाई गायला लागली, धडधाकट, खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. बायकांच्या अंगावर काटा आला. दोन-तीन जणींनी डोळ्यांना पदर लावला. आई एकवीरेला हाक गेली: ये गं माझ्या मांडवाला. मग धडधड, आणि पुन्हा ये गं माझ्या मांडवाला. पोरी उठल्या. पुन्हा ये गं. माम्या, मावश्या, नवऱ्याच्या बहिणी, सगळ्या नाचायला लागल्या.

सखुबाईने डावा हात वर केला. विनिताने तो हात किती मांडवांत पाहिला होता. हाक पुरे झाली, आता बसवा, पाट द्या, असं मागे धरणाऱ्या बायकांना सांगायचा तो हात. गाणं पुढे जाईना. सखुबाईने हात आणखी उंच केला, जोरजोराने हलवला.

"आजी नाचतेय!" कुणीतरी ओरडलं. "अगं बघा, आजी नाचतेय!"

फोन निघाले. सगळ्यांनी खुर्चीभोवती कडं केलं. दिपाली पाटावरून उठली, तिने आजीचा हात धरला आणि तालावर डुलवायला लागली. टाळ्या पडल्या. त्या हाताखाली सखुबाईचा चेहरा पिळवटला होता आणि तोंड उघडून ती आंह आंह करत होती, पण ढोलात ते कुणाला ऐकू जाणार?

"बंद कर!" विनिता कृणालला म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. ती गर्दीतून वाट काढत स्पीकरपाशी गेली आणि तिने वायर उपटली.

मांडव एकदम मुका झाला. हात वर धरलेल्या पोरी तशाच राहिल्या. सगळे सखुबाईकडे बघायला लागले. तिने सुनेकडे पाहिलं, मान हलवली, जणू बरं केलंस म्हणाली, आणि पुढची ओळ घ्यायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. विनिता तिच्या ओठांकडे बघत होती. एक शब्द जरी कळता तरी तिने तो धरला असता. ओठ वाकडे हलले, थांबले, पुन्हा हलले. लाळेची तार साडीवर उतरली. मागे नवऱ्याची आत्या कुणाच्या तरी कानात म्हणाली, शुभ कार्यात हे बरं दिसत नाही.

"मम्मी, लाव ना गं परत," दिपाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाटीत हळद सुकतेय."

विनिताने पदराने सासूचं तोंड पुसलं. मग स्पीकरपाशी जाऊन तिने स्वतःच्या हाताने वायर लावली, आणि एकवीरेला पुन्हा बोलावणं सुरू झालं.