मुठीतला चिंचोका

मित्रांनो, मी एका जुन्या माठाची ठिकरी आहे. हसू नका, एके काळी माझ्या पोटात दोन बादल्या पाणी मावायचं.

माझा जन्मच मार खाण्यातून झाला. काशीराम कुंभाराने थापीने बडवून मला गोल केलं, भट्टीत भाजलं. तिथून मी पनवेलजवळच्या एका प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात आलो. "माठाचं पानी लय गार हाय," म्हणत पोरं माझ्याभोवती ढकलाढकली करायची. पुढे स्टीलची टाकी आली आणि मी कोपऱ्यात पडलो.

कोपऱ्यातून वर्ग दिसायचा. दीपेश सरांची वेताची छडी दिसायची. पाढा चुकला की सप्पकन! तिसरीतल्या स्नेहलची करंगळी त्या छडीने मोडली, ती वाकडीच जुळली. तिचा बाप शिवा, द्रोणागिरीच्या गोदामात कामाला, शाळेत येऊन म्हणाला, "मारा सर. आमी पन असंच शिकलो."

मग एलिशेवाबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. पोरं शाळेत सुखात आहेत की भीतीत, हे त्यांना पालकांना आणि शिक्षकांना विचारायचं होतं. आधी मोबाईलवर प्रश्न पाठवले. मोबाईल बापांकडे. एकजात उत्तर आलं, "उत्तम."

"असलं उत्तम मला नको," बाई म्हणाल्या. त्यांनी मला धुतलं, तोंडावर फडकं बांधलं, हात जाईल एवढी फट ठेवली. सभेत प्रत्येकाला दोन चिंचोके दिले. सालीसकट काळा म्हणजे पोर सुखात. भाजून सोललेला पांढरा म्हणजे पोर घाबरतं. एक माझ्या पोटात टाकायचा, उरलेला मुठीत झाकून घरी न्यायचा.

शिक्षकांनी टाकले, बापांनी टाकले, आयांनी टाकले. स्नेहलच्या आईने, मालूने टाकला आणि मूठ गच्च मिटली.

"कंचा टाकलास?" शिवाने विचारलं.

"सांगायचं नाय, बाई बोलल्यात."

"नवऱ्याला पन नाय?"

त्याने तिचं मनगट पिरगाळलं. बांगडी फुटली, मूठ उघडली. आत काळा. म्हणजे पांढरा माझ्या पोटात. साऱ्या सभेसमोर त्याने तिच्या थोबाडीत मारली. ती खाली कोसळली, ओठातून रक्त आलं. एलिशेवाबाई मध्ये धावल्या, त्यांनाही त्याने ढकललं. "मोजायचंच नाय!" ओरडत त्याने मला उचललं.

मित्रांनो, मला उचलायला दोन्ही हात लागायचे. त्याची मूठ सुटली आणि तिच्यातला चिंचोका मालूच्या पदरात पडला. पुढच्या क्षणी मी फरशीवर फुटलो. चिंचोके भिंतीपर्यंत उडाले. पांढरेच पांढरे! काळा शोधावा लागत होता.

शिवाच्या मुठीतून मालूच्या पदरात पडलेला चिंचोका काळा होता. तिने तो शिवासमोर धरला.

"तुमी पन पांढराच टाकला? मंग मला का मारलंत?"

दीपेश सर छडी टेबलाखाली सरकवत होते. बाईंनी ती काढून घेतली आणि गुडघ्यावर मोडायला गेल्या. वेत चिवट, मोडेना. तेव्हा दुसरीच्या वर्गाच्या किशोरीबाई उठल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

त्या दिवशी मालू शिवाच्या मोटारसायकलवर बसली नाही. बाहेर थांबलेल्या स्नेहलचा हात धरून चालत गेली. जाताना स्नेहलने माझी ही एक ठिकरी उचलली. आता ती मला रोज अंगणातल्या चौकोनांत फेकते आणि लंगडी घालत आणायला येते. उचलताना तिची वाकडी करंगळी माझ्या कडेला लागते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आईबाप व्हाल, सर-बाई व्हाल. पोराला मार्क विचाराल तशी भीतीही विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि मूठ मिटलेली असेल, तर पिरगाळू नका. आधी आपली उघडा.