खुंटी पिळेपर्यंत

माघातलं कोवळं ऊन पिंपळवंडीला माझ्या सासुरवाडीच्या ओसरीवर उतरलं, की सासूबाई कांदा निवडायला बसत. सालींची सळसळ होई आणि तिच्यावर त्यांचं संथ गुणगुणणं तरंगत राही. सासरे गेले आणि नुसती सळसळ उरली.

दर पुनवेला विहारात सासरे तुणतुण्यावर स्वतः रचलेलं गाणं म्हणायचे, सासूबाई मागून साथ द्यायच्या. तुणतुण्याची लाकडी खुंटी झिजलेली. तिसऱ्या कडव्याला ती हमखास सैल पडायची, तार उतरायची, आणि सासरे खुंटी पिळेपर्यंत सगळं गाणं खोळंबायचं. मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. ढिलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात.

वर्षभर पडून त्या तुणतुण्याचं कातडंही फाटलं. यंदा सासूबाईच म्हणाल्या, "पावणं, वैशाखी पुनवेला मला गायला सांगितलंय. हे वाजलं तर गाईन, न्हाईतर न्हाई."

मी नारायणगावाहून नवं कातडं आणलं, नवी तार ओढली, आणि खुंटी काढून तिथं गिटारची चावी बसवली. आता तार तसूभरही उतरणार नव्हती. मी स्वतःवर लई खूश होतो.

ओसरीवरच तालीम झाली. मी तार छेडत होतो, त्या गात होत्या. वर्षभर मिटलेला तो स्वर निवळी फिरवलेल्या गढूळ पाण्यासारखा हळूहळू स्वच्छ होत गेला. तिसऱ्या कडव्याला त्यांनी एक सूर लांबवला आणि नजर माझ्या हाताकडे वळवली. मी वाजवत पुढच्या ओळीवर गेलो. त्या मागंच राहिल्या, मग गप्प झाल्या.

"लई ग्वाड वाजतंय," त्या म्हणाल्या. "पण त्ये खुंटी पिळायचे, तेवढंच मी एकटी गायची. सगळा विहार माझ्याकडं बघायचा. तेवढी जागा बुजवली बघा तुमी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्या खोळंब्याला वैतागत होतो, आणि त्यात कोण गातंय हे ऐकलंच नव्हतं.

वैशाखी पुनवेला तिसऱ्या कडव्यापाशी मी हात थांबवला आणि घट्ट बसलेल्या चावीला उगाच बोट लावून बसलो. विहार शांत झाला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि एकटीनं सूर धरला, नेहमीपेक्षा कितीतरी लांब. गेलेल्या माणसाचे गुण लोक बोलून दाखवतात. घरातलं माणूस मात्र त्याच्या खोळंब्यापाशी थांबून राहतं.