टाकीवरून पडलेला वज्रनाद

संघर्षला सिनेमाला न्यायचं निघालं, तेव्हा सोजरबाई आधी नाहीच म्हणाली होती. चाकणजवळच्या एका बंद कंपनीत शूटिंगच्या वेळी पाण्याच्या टाकीवरून तो पडला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. ज्या सिनेमापायी हे झालं तोच बघायला जायचं, म्हणजे आपल्याच नखानं खपली काढण्यातला प्रकार.

पण हट्ट त्याचाच होता. "आई, सगळी दिघी बघून आली. मीच तेवढा राहिलोय."

ते खोटं नव्हतं. वज्रनाद हा कॉमिकमधला वीर. तोंडावर तांब्याचा मुखवटा, अंगात गर्द निळा पोशाख. त्याच्यावरचा पहिला सिनेमा बरा चालला. दुसरा मात्र असा आपटला की नाव काढलं तरी लोक हसायचे. त्यातली बहुतेक मारामारी कॉम्प्युटरवर केलेली. वज्रनाद इमारतीवरून उडी टाकायचा आणि कटलेल्या पतंगासारखा हेलकावत खाली यायचा. फोनवर त्याची टिंगल फिरली, दुकानातली खेळणी धूळ खात पडली, आणि आता हा वीर संपला असंच सगळ्यांनी धरलं. तरी बनवणाऱ्यांनी शेवटचा डाव म्हणून तिसरा काढायला घेतला. या वेळी सगळं खरं करायचं ठरलं. खरी उंची, खरी आग, खरं पडणं. आणि मुखवट्याच्या आत संघर्षसारखी पोरं.

संघर्ष भोसरीत मल्लखांबावर वाढलेला. त्याचा बाप साहेबराव बीडकडून आला, एका वर्कशॉपमध्ये घणाच्या आवाजात कान घालवून बसला आणि पोरं पुरती हाताशी यायच्या आत वारला. मग संघर्ष चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागला. तिथंच त्याला विक्की भेटला. दोघंही शिफ्ट संपली की स्टंट शिकवणाऱ्या एका उस्तादाकडं जायचे. वज्रनादच्या पहिल्या सिनेमात सगळ्या आणि दुसऱ्यात उरल्यासुरल्या खऱ्या उड्या हिरोच्या जागी मारल्या त्या संघर्षनंच.

"तुझं तोंडच दिसत न्हाई, मग त्यो सिनेमा तुझा कसला?" सोजरबाई तेव्हा विचारायची.

"तोंड त्याचं, अंग माझं," तो हसून म्हणायचा.

तिनं ते दोन्ही सिनेमे कधी बघितले नाहीत. उंचावरून उडी टाकणारं आपलं लेकरू तिला बघवलं नसतं.

तर तिसरा बघायला अखेर ती तयार झाली. धाकटी आम्रपाली तळवड्याला एका आयटी कंपनीत होती. तिनं रजा टाकली, दुपारच्या खेळाची तिकिटं काढली, मोठी गाडी बोलावली. चिंचवडच्या मॉलमध्ये लिफ्ट होती. चाकाची खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला लागली, तिच्या शेजारी सोजरबाई, पलीकडे आम्रपाली. कामाचा दिवस असूनही थिएटर भरलेलं होतं. कितीतरी पोरं तांबड्या पुठ्ठ्याचे मुखवटे लावून आली होती.

सुरुवातीचा गोंगाट सोजरबाईला काही उमगला नाही. मग पडद्यावर वज्रनाद लोखंडी शिडीवरून दोन दोन पायऱ्या टाकत चढू लागला आणि ती पुढं सरकून बसली. हा चढ तिच्या ओळखीचा होता. कामावरून आल्यावर आधीच्या चाळीचा जिना हा असाच चढायचा, आणि वरून ती ओरडायची, "आरं, हळू!" डावं पाऊल जरासं बाहेर पडणारं. वर पोचल्यावर खांदे एकदा झटकणं. तिनं अंधारात संघर्षचा हात धरला.

"तूच हायस न्हवं?"

तो नुसता हसला.

मग तिला गोष्टीशी कर्तव्यच राहिलं नाही. मुखवटा निघाला की तो हिरो, मुखवटा चढला की आपला पोरगा. तो धावत होता, भिंतीवरून उड्या टाकत होता, पळत्या ट्रकच्या टपावर उभा राहत होता. दोन्ही पाय शाबूत असलेला, उन्हात चमकणारा. वर्षभर ज्या पायांना ती तेल चोळत होती, तेच हे पाय. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. ही वेळ सरूच नये असं वाटत होतं.

आणि मग ती टाकी आली.

बंद कंपनीचं ते आवार तिनं अपघातानंतर रस्त्यावरून एकदा बघितलं होतं. तीच गंजलेली टाकी, तेच खांब. दुष्टानं वज्रनादला धक्का दिला आणि तो पाठीमागं गेला. संगीत थांबलं. अर्ध्या वाटेत त्याच्या अंगाला एक हिसका बसला, आणि उजवा हात वर जाऊन काहीतरी धरू पाहू लागला. बोटं फाकलेली. पुढच्या क्षणी तो जमिनीवर आदळला.

सोजरबाईला कुणी सांगायची गरज पडली नाही. कमरेला बांधलेली आधाराची वायर सुटली की माणूस कसा हात टाकतो, हे तिला आज दिसलं. असं नाटक कुणाला करता येत नाही.

मुखवटा धुळीत पडला होता. कॅमेरा तिथून हलेना. मागं कुठंतरी एक पोरगी मुसमुसू लागली. मग पडद्यावर एक बोट हललं. गुडघा दुमडला. वज्रनाद उठून उभा राहिला, आणि थिएटर फुटतंय की काय असा कल्लोळ झाला. शिट्ट्या, आरोळ्या, लोक खुर्च्यांवर चढलेले.

सोजरबाईनं त्या उभ्या राहिलेल्याकडं बघितलं. खांदे रुंद होते. भार उजव्या पायावर होता. हा तिचा पोरगा नव्हता.

तिनं मान वळवली. तिचा पोरगा शेजारी खुर्चीत बसला होता, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

बाहेर लिफ्टपाशी तिचा आवाज फुटला. "माझं लेकरू मोडलं, ते लोकांना दाखवायला ठिवलं त्यांनी? टाळ्या वाजवायला?"

आम्रपालीनं फोन काढला. "दादा, आपण वकील बघू. ते दृश्य वापरायची परवानगी कुणी दिली त्यांना?"

"मी दिली," संघर्ष म्हणाला.

आम्रपालीनं फोन खाली घेतला.

"दिग्दर्शक दवाखान्यात आले होते. तू नको म्हण, काढून टाकतो, असं म्हणाले. मीच म्हटलं, ठेवा."

"कामून रं?"

"मग काय करू, आई? तिसराही आपटला असता, ते दृश्यही काढून टाकलं असतं, तर माझं पडणं नुसतंच पडणं राहिलं असतं. आता निदान त्यानं वज्रनाद तरी वाचला."

"आन् तू?"

लिफ्टचं दार उघडलं, माणसं उतरली, पुन्हा मिटलं. तिघंही तिथंच होती.

त्यानंतर बरेच दिवस सोजरबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. अंघोळ घालायची, चादर बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वेळच्या वेळी कुशीवर वळवायची. बाहेर गल्लीत पोरं वज्रनाद वज्रनाद खेळायची. कट्ट्यावरून उडी टाकायची, निपचित पडायचं, मग उठायचं. एकदा ती तरातरा बाहेर गेली आणि पडून राहिलेल्या एका पोराला तिनं दंडाला धरून उभं केलं. "असलं खेळायचं न्हाई!" पोरगं घाबरून रडायला लागलं. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. घरातून गुळाचा खडा आणून तिनं त्याच्या हातावर ठेवला.

एका सुट्टीच्या दिवशी विक्की आला. दवाखान्यानंतर तो फिरकला नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, "जयभीम, मावशी."

सोजरबाईनं त्याच्या खांद्यांकडं बघितलं. "उठलास त्यो तूच न्हवं?"

त्याचा चेहरा उतरला. "व्हय, मावशी. तिथंच झोपवलं मला. त्याच मातीत. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. पण तुमच्या दारात यायला तोंड राहिलं नाही बघा."

आतून आवाज आला. "कोण, विक्या? ये की आत."

विक्की खाटेपाशी जाऊन खाली मान घालून उभा राहिला. संघर्ष त्याला नखशिखांत न्याहाळत होता.

"चुकीचा उठलास, राव."

"काय?"

"पाठीवर पडलेला माणूस एकदम गुडघा घेत नाही. आधी कुशीवर येतो. झोप खाली, सांगतो."

"राहू दे ना, भावा."

"झोप म्हणतो ना."

खाट आणि कपाट यांच्यामधल्या फरशीवर विक्की उताणा झोपला. सोजरबाई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, ती तिथंच थांबली.

"कुशीवर ये. आता कोपर टेक. डोकं नको उचलू, डोकं शेवटी. हां... नाही, घाई केलीस. परत."

विक्की परत झोपला, परत उठला. संघर्ष कोपरांवर भार देऊन खाटेच्या कडेपर्यंत सरकला होता. डोळे लकाकत होते, कपाळावर घाम होता. इतका जीव तिनं त्याच्यात वर्षभरात बघितला नव्हता.

"डावं पाऊल जरा बाहेर टाक. उभा राहिलास की खांदे झटक. कर."

या खेपेला विक्की उठला तो हळूच उठला. कुशीवरून कोपरावर, कोपरावरून गुडघ्यावर. डावं पाऊल बाहेर पडलं. त्यानं खांदे झटकले. खिडकीतून उजेड येत होता आणि विक्कीची तिच्याकडं पाठ होती. एवढ्याशा खोलीत सोजरबाईचा पोरगा तिच्यासमोर उभा होता. कपातला चहा तिच्या हातावर सांडला तरी तिला चटका कळला नाही.

"हां," संघर्ष म्हणाला. "अस्सा."

आणि त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याची पाठ गदगदू लागली.

सोजरबाईनं कप कुठंतरी ठेवले आणि खाटेवर बसून संघर्षचं डोकं मांडीवर घेतलं, तो बोबडं बोलायचा त्या वयात घ्यायची तसं.

"मला उठायचं होतं गं आई," तो म्हणाला. "पडल्यावर मला वाटलं, आता उठतोच. दोनदा प्रयत्न केला मी."

"व्हय, बाळा."

"सगळे म्हणत होते हलू नको, हलू नको. मला नुसतं उठायचं होतं."

"व्हय रं, राजा." टाळ्या वाजवणारा हाच पोरगा. त्या टाळ्यांचा राग धरून ती इतके दिवस अबोला धरून बसली होती.

पुढं वज्रनादचा चौथा भाग जाहीर झाला. पेपरात मोठं चित्र आलं. लोकांनी टाकून दिलेला वीर पुन्हा सगळ्यांचा लाडका झाला होता. मुखवट्याआडचं काम विक्कीला मिळालं. घ्यावं का, हे विचारायला तो आला तेव्हा संघर्ष म्हणाला, "घे. पण वायर स्वतः ओढून बघ, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नको." सोजरबाईला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिनं नको म्हटलं असतं.

शूटिंगला निघायच्या दिवशी विक्की निरोप घ्यायला आला. पाठीवर पिशवी, नवे बूट. सोजरबाई बाहेर गेली आणि तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. नीट जा म्हणाली, पण हात सुटेना. विक्की अवघडून उभा राहिला. गल्लीतली माणसं बघू लागली.

शेवटी आतून संघर्षनं हाक मारली, "आई, सोड त्याला. उशीर होतोय."

तरी ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली.