खूर दिसले पाहिजेत

सिद्धोधननं रिमोट उचलला, पडद्याकडे न बघताच बटण दाबलं आणि त्या दिवसात अकराव्यांदा तेच बोलायला सुरुवात केली.

"बत्तीस इंच, मामा. स्लिम. जाडी बघा, भाकरीएवढी. एचडी आहे, माणसाचा केस न् केस मोजून घ्या. समोर बसा, बाजूला बसा, खाली आडवं पडून बघा, रंग बदलायचा नाही. पळतं जनावर दाखवलं तरी चित्र फाटत नाही. पेनड्राइव्हही लागतो."

बोलता बोलता त्यानं डावा हात काउंटरवर टेकवला आणि अंगाचा सगळा भार उजव्या पायावर घेतला.

पडद्यावर कुठल्याशा परदेशातलं कुरण उलगडलं. ते इतकं हिरवंगार होतं, की गेल्या उन्हाळ्यात रस्त्यावरची एक म्हैस काचेचं दार ढकलून आत आली आणि पडद्याला जीभ लावून गेली, असं त्या गल्लीत अजून सांगतात. टीव्ही तिनंही घेतला नाही. कुरणात चाळीसेक मेंढ्या, मागे निळा डोंगर. तीन मिनिटांत मेंढ्या डोंगराआड जात आणि पुन्हा पहिल्यापासून येत. दोन वर्षांत सिद्धोधननं त्या इतक्यांदा हाकल्या होत्या, की खऱ्या असत्या तर परभणीहून चालत दिल्लीला पोचल्या असत्या.

समोर धोंडीबा बसला होता. सोनपेठकडचा मेंढपाळ. त्याला खुर्ची दिली, तर त्यानं खुर्चीवर घोंगडी ठेवली आणि स्वतः फरशीवर उकिडवा बसला.

"खूर दिसतेत का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मेंढरांचे खूर. आमच्या घरच्या डब्यात मेंढरू म्हंजी नुसतं कापसाचं बोंड. पाय न्हाई, तोंड न्हाई. आमची भिवराबाई म्हणती, नीट दिसंल असा आणा."

"याच्यात सगळं दिसतं."

"तसा जुना डबा बी गुणाचा होता बरं. थंडीत कमजोर कोकरू त्याच्यावर ठिवायचं, बुडाखालून ऊब. एक कोकरू असं वाढलं, की बातम्यांचा बाजा वाजला की असंल तिथून पळत यायचं. हवामान ऐकल्याबिगर चरायला निघायचं न्हाई."

सिद्धोधनला हसू आलं. पण हसताना तोल डाव्या पायावर गेला आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

नव्या बुटानं टाच सोलली त्याला अकरा दिवस झाले होते. अंगात शुगर होती, ती जुनीच. फार दुखत नव्हतं, एवढाच त्याला दिलासा. पाय नुसता जड झाला होता, भिजलेल्या पोत्यासारखा. दुकानात काळे बूट घालायचे आणि गिऱ्हाईक असेपर्यंत बसायचं नाही, असा गोपीचंदशेठचा नियम होता. दिवाळीत दुकानातल्या आश्रुबाची कंबर धरली म्हणून त्यानं आठ दिवस सुट्टी घेतली. परत आला तेव्हा दुकानाचा निळा शर्ट दुसऱ्याच्याच अंगात होता. म्हणून हे अकरा दिवस सिद्धोधन सकाळी बूट चढवताना दात आवळायचा आणि दुकानाच्या पायऱ्या चढताना मान ताठ ठेवायचा.

"थांबीव," धोंडीबा एकदम म्हणाला.

सिद्धोधननं चित्र थांबवलं. म्हातारा उठून पडद्याला नाक लावेल इतका जवळ गेला.

"ही. कडंची तिसरी. लंगडायली."

"नाही हो."

"मागं घे. आता सोड. बघ तिचा मागचा डावा."

सिद्धोधननं चित्र मागे घेतलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मेंढीकडे बघितलं. बाकीच्या खूर टेकवत होत्या. ही टेकवल्यासारखं करत होती. पाय जमिनीला लागायच्या आत उचलत होती.

"मला कधी दिसलीच नाही," तो पुटपुटला.

"तिनं दिसू दिलं न्हाई. लंगडं मेंढरू लय लपवतं, बाबा. लांडगा कळपात शिरला की लंगडं तेवढंच निवडतो, हे त्याला ठाव असतं. मान बघ कशी ताठ ठिवलीय. सगळ्यांसंगं चालायली. भार तेवढा दुसऱ्या पायावर."

बोलता बोलता धोंडीबाची नजर पडद्यावरून खाली आली. काउंटरच्या कडेशी थांबली, मग फरशीवर.

सिद्धोधननं काउंटरवरचा हात काढून घेतला.

"किती दिस झाले?"

"कशाला?"

आतल्या केबिनचं दार वाजलं आणि गोपीचंदशेठ बाहेर आले.

"काय बाबा, पसंत पडला का? काही अडचण?"

"अडचण हाय, शेठ," धोंडीबा म्हणाला. "तुमच्या ह्या माणसाची."

सिद्धोधनच्या हातातला रिमोट ओला झाला.

"टीव्ही मी घेतो. पण आमच्यात रिवाज हाय. घरात नवी चीज न्यायची तर देणाऱ्या माणसानं संगं यावं लागतं, पार घरापर्यंत. न्हाईतर चीज लाभत न्हाई. आमच्या पाव्हण्यानं फ्रिज एकट्यानं नेला, तर तिसऱ्या दिवशी आतलं दूध उकळायला लागलं."

शेठ हसले. "अहो, उद्या आमचा फिटिंगवाला येईल ना."

"मग मी बी उद्याच घेतो. म्होरल्या दुकानात."

शेठचं हसू आवरलं. "बरं, बरं. जा रे याच्यासोबत. उद्या वेळेवर ये."

"उद्या कसा यील? सोनपेठाच्या बी पल्याड जायचं. त्यात भित मातीची, खिळा धरना. चार दिस तरी सोडा त्याला."

"चार दिवस? टीव्ही लावायचाय का घर बांधायचंय?"

"रिवाज हाय, शेठ."

शेवटी तीन दिवसांवर तुटलं. शेठनी स्वतः खोकं बांधून दिलं.

ऑटोत खोकं दोघांच्या गुडघ्यांवर आडवं आलं. सिद्धोधन ड्रायव्हरला म्हणाला, "बसस्टँड."

"बसस्टँड न्हाई," धोंडीबा म्हणाला. "सरकारी दवाखान्यात घे."

ऑटो वळला.

"मामा, तुमच्यात खरंच असा रिवाज आहे?"

"आजपस्तोर नव्हता."

रस्त्यातल्या खड्ड्यानं खोकं उडालं. धोंडीबानं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि बाहेर बघत राहिला.

"आमची भिवराबाई बी अशीच हुशार. बाभळीचा काटा मोडला होता, शुगरबी होती. दोन महिने मला पत्ता लागू दिला न्हाई. मी रोज शंभर मेंढरांचे खूर बघायचो."

"मग?"

"मग काय. आता एका पायानं घरी बसून असती. मेंढरं बघायचं लय वेड तिला." त्यानं खोक्यावर हात फिरवला. "म्हणून तर ह्यो."

दवाखान्यात रांग होती. भिंतीलगतच्या बाकावर सिद्धोधन बसला आणि त्याला आठवलं, की सकाळी दहापासून आपण बसलोच नव्हतो. धोंडीबानं खोकं भिंतीला टेकवून उभं केलं. मग तो सिद्धोधनच्या पुढ्यात जमिनीवर बसला, त्याचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

"मामा, नका. लोक बघतेत."

"हलू नगंस."

बूट निघाला. मोजा टाचेला चिकटला होता. धोंडीबानं तो बघितला, वास घेतला. कोकरू, फ्रिज, असली काही गोष्ट त्याला या वेळी सुचली नाही. त्यानं बाटलीतलं पाणी मोज्यावर थेंब थेंब सोडलं आणि कड बोटानं हळूहळू उकलायला घेतली.

सिद्धोधननं नजर खोक्यावर ठेवली. खोक्यावर तेच कुरण छापलेलं होतं, त्याच मेंढ्या.

"मामा, त्या मेंढीचं पुढं काय झालं असंल?"

धोंडीबानं मान वर केली नाही.

"डोंगराच्या पल्याड गेल्यावर तिच्या मेंढक्यानं धरली तिला. खूर साफ केला, औषिद लावलं. आपल्याला तेवढं दाखवलं न्हाई."

खिडकीतून नंबर पुकारला गेला. त्यांचा यायला अजून वेळ होता. सिद्धोधननं डोळे मिटले आणि पाय ढिला सोडला.