हर्सची टिकली

“टिकली राहिली की रे पेंटर!” मागून शाळा कमिटीचे हस्तीमलशेठ म्हणाले.

झुलालचा ब्रश थांबला. मेहरूणच्या शाळेत नव्या हॉलच्या दाराशेजारी, भिंतीवर तो ऑइलपेंटने इंग्रजीत लिहीत होता: ‘धिस हॉल इज हर्स’. खाली इंदिराबाईंचं नाव. छत्तीस वर्षं बाईंनी इथं इंग्रजी शिकवलं, आणि कमिटीच्या मागे लागून हा हॉल बांधून घेतला. उद्या त्यांच्याच हातून उद्घाटन होतं.

“शेठ, हर्सला टिकली लागत नाही.”

“कागदात आहे ना? कमिटीत पास झालंय. एसच्या आधी, वर टिकली. अपॉस्ट्रॉफी म्हणतात तिला.”

“कमिटी चुकली मग.”

शेठ खो खो हसले. “दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला तू, कमिटीला शिकवतो का? जमत नसेल तर छगन पेंटरला बोलावतो.”

छगन! ‘स्कूल’मधला एच गिळून बसलेला तो दिवटा! झुलालच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. नशिराबादहून सायकलवर येताना रोज बघावं तिकडे हीच घाण. केळीच्या ट्रकवर ‘बनाना'स’, शेठच्याच दुकानावर ‘साडी'स’. एस दिसला की बसवली त्याच्या डोक्यावर माशी!

“बठ्ठा, आख्खा गावले एकच रोग शे,” तो पुटपुटला आणि बाजूला जाऊन थुंकला.

आपटला होता, खरंच होतं ते. पण दुसऱ्यांदा आपटल्यावर बाईंनीच त्याला घरी बसवून शिकवलं होतं. “रामाची वही म्हणायची तर रामाला टिकली. पण हर्स, युवर्स यांच्या पोटात ‘चं’ आधीच आहे रे. त्यांना कशाला हवी?” तेवढं एक त्याला जन्मभर पुरलं. त्यापायी त्याने गिऱ्हाइकांशी भांडणं केली, कामं सोडली, पण खोटी टिकली कधी दिली नाही.

हेही काम सोडावं? मग छगन बाईंच्या नावाचं काय करून ठेवील, देव जाणे.

त्याने टिकली दिली. देताना स्वतःचीच किळस आली. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात तो बारीक ‘झुलाल’ लिहायचा. आज नाव न लिहिताच ब्रश धुऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत आल्या. काचबिंदूने नजर पार गेली होती.

“पाटी झुलालने रंगवली म्हणे? मग मला वाचायची काळजी नाही.”

“आलोय बाई,” झुलाल कसाबसा म्हणाला.

बाईंनी चाचपत भिंतीला हात लावला. रंगाला अजून उठाव होता. बोट एकेक अक्षरावरून सरकत गेलं. एच, ई, आर. तिथं वरच्या अंगाला अडलं. पुन्हा मागे येऊन पुन्हा तिथंच अडलं.

शेठ टाळ्या वाजवत होते. झुलालला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं.

बाईंनी बोट पदराला पुसलं.

“कोपऱ्यात नाव घातलंस?”

“नाही बाई.”

“बरं केलंस,” बाई म्हणाल्या, आणि फीत कापायला कात्रीसाठी हात पुढे केला.