फळ्यावरची ओळख

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सरांनी फर्मान काढलं, "डिजिटल फळ्यावर बोटाने लिहून आपली ओळख करून द्या."

शिवणकाम सोडून चाळिशीत शिक्षिका व्हायला निघालेल्या बाई उठून पुढे गेल्या. फळ्यासमोर उभं राहताच त्या बोटाचं विसरल्या. पर्समधला मार्कर काढून घरी आठवडाभर गिरवलेली ओळ त्यांनी ठसठशीत लिहिली : 'मला शिक्षिका व्हायचंय.'



"बाई, तो स्क्रीन आहे," सर दातओठ खात म्हणाले.

बाईंनी रुमालाने घासघास घासलं. शाई ढिम्म हलेना. आता आपल्याला घरी धाडणार, असं धरूनच त्या शेवटच्या बाकावर बसल्या.

धडा सुरू झाला. येईल त्या चित्रावर, नकाशावर ती ओळ ठाण मांडून होती. दुपारपर्यंत सरच मुकाट्याने आपली चित्रं तिच्याखाली सरकवू लागले.