डावी बाजू

"अहो, कॉलर खाली करा म्हटलं ना! आणि बोलू नका. तुम्ही बोललात की पडद्यावरचं चित्र हलतं."

"मग मघापासून प्रश्न कशाला विचारतेयस?" माझा नवरा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला.

बाहेर काउंटरवरची मुलगी फिसकन हसली. बावीस वर्षं मी या खोलीत लोकांच्या मानेची सोनोग्राफी करते. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी कुठे अरुंद झालीय का, उद्या झटका येऊन माणसाचं अर्धं अंग लुळं पडण्याचा धोका आहे का, ते बघायचं. पण पेशंटवर खेकसताना मला तिने आज पहिल्यांदाच ऐकलं.

खेकसू नको तर काय करू? सहा वर्षं मी यांच्या मागे लागले होते, तपासून घ्या म्हणून. बीपीची गोळी म्हणजे यांच्या लेखी बायकोची कटकट. "माझ्या मानेला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. गेल्या महिन्यात शाळेची बस चालवताना यांच्या डाव्या डोळ्यापुढे अंधार आला. मागे चाळीस पोरं! गाडी कडेला लावली, पाच मिनिटांत अंधार गेला, आणि संध्याकाळी हे शहाणे कुठे गेले? चष्म्याच्या दुकानात! नवा चष्मा करून आले. मला कळलं काल, तेही पुन्हा अंधार आला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज वीस माना तपासणाऱ्या बाईचा नवरा, आणि असा अंधार मानेतल्या रक्तवाहिनीमुळे येऊ शकतो हे याला माहीत नसावं? शंभरदा सांगितलं होतं हो. ऐकतंय कोण!

उजवी बाजू ठीक निघाली.

"बघ! उगाच डोकं खाल्लंस."

"अजून डावी राहिलीय. तोंड मिटा."

डावीकडे यंत्राचा प्रोब ठेवला आणि माझा हात थबकला. रक्ताला जायला दोऱ्याएवढी वाट उरली होती. यंत्रातून नेहमीचा ठोका येत नव्हता, चिरकी शिट्टी येत होती. पुन्हा मोजलं. आकडा तोच. आज, उद्या, बस चालवताना, केव्हाही काहीही होऊ शकत होतं.

पण हात आणि तोंड सवयीनं चालत राहिलं. पेशंटला आम्ही काही सांगायचं नसतं, ते काम डॉक्टरांचं. आम्ही फक्त आवाज मऊ ठेवायचा.

"झालंच हं आता. गार लागतंय का? अगदी थोडंसं राहिलंय. छान पडून राहिलात."

ते छताकडे बघत म्हणाले, "इतकं वाईट आहे?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील. मी त्यांना आत्ताच बोलावते."

"अगं, एकतीस वर्षं झाली लग्नाला. माझ्याशी इतकं गोड कधी बोललीस?"

मानेवरची जेल पुसायला मी टिश्यू पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"ओरड की," ते हळूच म्हणाले. "नेहमीसारखी ओरड माझ्यावर."

तेच तर करायचं होतं मला. सहा वर्षांचं सगळं जिभेवर येऊन बसलं होतं. पण त्यांच्या हातातला टिश्यू घेऊन मीच त्यांची मान पुसायला लागले. डाव्या बाजूला अगदी हलक्या हाताने.